बारा चातुर्मास अळणी

"मेहूण सांगून आलो," हे म्हणाले, आणि ओला पंचा झटकून दोरीवर टाकता टाकता पुढचंही उरकून मोकळे झाले, "बिंदुमाधवराव आणि शरदिनीबाई."

मी तांदूळ निवडत होते. बोटाखाली एक खडा आला होता. तो मी उचलला नाही. सूप मांडीवर तसंच राहिलं, आणि मला वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं, माझ्या जागी दुसरी कुणी असती तर बोलली असती. मी म्हणाले, "बरं." माझं हे 'बरं' आमच्याकडे प्रसिद्ध आहे. काशीत संकठा घाटापासून बालाजी घाटापर्यंत जेवढी मराठी घरं आहेत, तेवढ्या घरांतल्या सुनांना माझ्या 'बरं'चा दाखला देतात. ढुंढिराजशास्त्र्यांची अन्नपूर्णा बघा, वीस वर्षांत कुणी तिचा चढा आवाज ऐकलेला नाही. सासवा हे कौतुकानं सांगतात आणि सुना माझा मनापासून द्वेष करतात. सुनांचं बरोबर आहे.

"काशीनाथभट आणि सीता ठरले होते ना?" मी विचारलं.

"ते पुढल्या वर्षी."

"पुढल्या वर्षी व्रत नाही. यंदा बारावं. द्वादशीला उद्यापन."

"मग नुसते जेवायला येतील. काशीनाथाला काय, लाडवांशी मतलब."

हे खरं होतं. काशीनाथभटाला लाडवांशीच मतलब होतं, म्हणून तर मी त्याला निवडलं होतं. चातुर्मासात जी वस्तू सोडायची ती उद्यापनाला दान द्यायची. मी मीठ सोडलं होतं, तेव्हा मीठ द्यायचं. एका जोडप्याला लक्ष्मीनारायण मानून पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, ते पाणी डोळ्यांना लावायचं, आपल्या हातानं वाढायचं. ते जेवून तृप्त झाले की व्रत सुफळ. काशीनाथभटाच्या पायांना भेगा आहेत आणि तो जेवताना घोरल्यासारखा आवाज करतो, पण त्याच्या पायाचं पाणी डोळ्यांना लावायला मला काही वाटलं नसतं. सीतेनं चार लाडू पदरात बांधून पोरांना नेले असते, आणि विष्णूला ते आवडलंच असतं. आता त्या पाटावर बिंदुमाधवराव बसणार होते. मी त्यांचे पाय धुणार होते.

"डिप्टीसाहेब येणार आहेत त्या दिवशी," हे म्हणाले. "जेवायला नव्हे. ओसरीवर बसतील, पान खातील. त्यांनी नुसतं बघायचं."

"काय बघायचं?"

"कलेक्टर कचेरीतून विचारणा आलीय. बिंदुमाधवरावांची चालचलणूक कशी, बिरादरीत घेतात का, भल्या घरी पंक्तीला बसवतात का. आता तुझ्या उद्यापनापेक्षा भली पंगत कुठली मिळणार? बारा वर्षांचं व्रत! डिप्टीसाहेबांना मी समजावून सांगितलंय, मेहूण म्हणजे काय ते. थक्क झाले. म्हणाले, पंडितजी, इससे बड़ा सर्टिफिकेट क्या होगा."

"कशाचं सर्टिफिकेट?"

"बंदुकीचं," हे म्हणाले. तोंड पंच्याकडेच होतं.

तेव्हा कुठे मी तो खडा उचलला. उचलून कुठे टाकायचा ते सुचेना, म्हणून मुठीत धरून बसले.

ती बंदूक मी पाहिलेली आहे. दुनळी, दस्त्यावर चांदीची वेल. दिल्लीला दरबार भरला त्याच्या आदल्या महिन्यातली गोष्ट. कार्तिकस्नानाला मी बालाजी घाटावर जात असे, तारे असताना पाण्यात उतरायचं आणि उजाडता उजाडता बाहेर यायचं. त्या दिवशी मला उशीर झाला होता. चांगलं फटफटलं होतं. बिंदुमाधवराव देवळाचे कारभारी, त्यांचं घर घाटाच्या अगदी वर, आणि घराखालच्या पायरीत एक लोखंडी कडी आहे, तिला नावा बांधायच्या नाहीत असा त्यांचा हुकूम. कडी घाटाची, घाट बांधला कुणी, हुकूम कुणाचा, पण असो. विष्णू मल्लाहानं तिथे नाव बांधली होती. त्याला सगळे बिसुन म्हणत. तो नावेतलं पाणी लोट्यानं उपसत होता आणि काहीतरी गुणगुणत होता. लोट्याचा ताल आणि गाण्याचा ताल जुळत नव्हता, मला हसू आलं होतं. मग आवाज झाला. कबुतरं उठली. बिसुन नावेत बसला, म्हणजे मला आधी वाटलं की तो बसला. लोटा पाण्यावर पडला आणि तरंगत माझ्याकडे आला, अगदी सावकाश, कुणी पूजेला पाठवल्यासारखा. मी वर पाहिलं. गच्चीवर बिंदुमाधवराव उभे होते. त्यांनी बंदूक खाली केली, खाली नीट पाहिलं, आणि मग मोकळ्या हातानं खांद्यावरून घसरलेली शाल सारखी केली. थंडी होती. माणसाला थंडी वाजतेच. गच्चीवर दुसरं कुणी नव्हतं. माणूस नव्हता, पक्षी नव्हता, आणि माकडही नव्हतं.

माकड कोर्टात आलं. वकिलानं आणलं. माकडावर नेम धरला, माकड निसटलं, आणि दुर्दैवानं खाली नावेत तो मल्लाह. काशीत माकडावर कोण अविश्वास दाखवणार? प्रत्येकाच्या घरातून कधी ना कधी माकडानं काहीतरी नेलेलंच आहे. एरवी हनुमंताच्या सेवकावर गोळी झाडली म्हणून याच लोकांनी त्यांना वाळीत टाकलं असतं, पण तेव्हा ते पाप उपयोगाचं होतं, तेव्हा सगळ्यांनी ते पोटात घातलं. फाशी नाही, काळं पाणी नाही. बेपर्वाई म्हणून पाच वर्षं सक्तमजुरी. बंदूक सरकारजमा, परवाना रद्द.

माकडाचं कानावर आलं त्याच दिवशी दुपारी मी यांना सांगितलं होतं. वाढताना. "गच्चीवर माकड नव्हतं," मी म्हणाले. यांनी वरणात तूप कालवलं, नीट कालवलं, आणि म्हणाले, "तू काही पाहिलं नाहीस."

"मी पाण्यात होते. वर पाहिलं."

"नहाणाऱ्या बाईनं वर बघायचं नसतं," हे म्हणाले. "आणि शास्त्र्याच्या बायकोनं कचेरीची पायरी चढायची नसते. लिंबू आण."

मी लिंबू आणलं. मी म्हणाले, "बरं."

पुढच्या आषाढीला मी मीठ सोडलं. यांच्या आयुष्यासाठी सोडलं, असं सगळे समजतात. हेही समजतात; कुणी कौतुक केलं की खाली बघून हसतात, मोठ्या आयुष्याच्या माणसानं हसावं तसे. मी कधी खुलासा केला नाही. संकल्प सोडताना मी मनात काय म्हटलं होतं ते त्या विष्णूला ठाऊक आणि, कोण जाणे, कदाचित नावेतल्या विष्णूलाही. पहिल्या वर्षी जीव कासावीस व्हायचा. दुसऱ्या वर्षी सवय झाली. तिसऱ्या वर्षी मला ते अळणी वरण आवडू लागलं, आणि तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, पाच-सहा शब्दांचं. त्याऐवजी मी चार चार महिने बिनमिठाची भाजी खाल्ली, आणि देवाला म्हटलं, फिटलं ना? इतरांना हसायचा मला हक्क नाही. तरी मी हसते. मनात. तिथे माझा आवाज चांगला मोठा आहे.

बिंदुमाधवराव सुटून आले तेव्हा या गल्लीतल्या विद्वानांनी पंधरा दिवस पोथ्या उलगडल्या. क्षौर, पंचगव्य, गोदान. मग एक कागद झाला, त्यावर नऊ सह्या, पहिली यांची. हा मनुष्य शुद्ध आहे. मला त्यात वावगं वाटलं नव्हतं, खरंच सांगते. ते तेव्हा फार वाळले होते. बोटांच्या पेरांवर दोरखंडाचे घट्टे होते आणि घाटावर एकटे बसलेले दिसायचे, पाण्याकडे पाठ करून. त्या संक्रांतीला मी त्यांच्याकडे तिळगूळ पाठवला. यांना न विचारता पाठवला. तहानलेल्याला पाणी द्यावं, देवळात दिवा लावू द्यावा, मुलीचं लग्न अडवू नये. माणसाला परत येऊ द्यायला हवं, नाहीतर मग गंगा कशाला, काशी कशाला? एवढं मला कळतं. मग घट्टे गेले, पोट सुटलं, कारभार परत मिळाला, शाल परत खांद्यावर आली. पाण्याकडे तोंड करून बसू लागले. सात वर्षं झाली. आणि आता त्यांना ती बंदूक हवी होती. दुसरी नको. तीच, चांदीच्या वेलीची.

एका संध्याकाळी हे कचेरीला द्यायच्या अभिप्रायाचा मसुदा मोठ्यानं वाचत होते. मी वाती वळत होते. "राजानं दंड केला की मनुष्य निर्मळ होतो, पुण्यवंतासारखाच होतो, असं स्मृतीत स्पष्ट आहे," हे म्हणाले. "मग निर्मळाला निर्मळाचे सर्व अधिकार हवेत. देवाच्या दिव्याला हात लावू देता आणि बंदुकीला नाही? अर्धी क्षमा ही क्षमाच नव्हे. कसं?"

"सुरेख," मी म्हणाले. "मग निर्मळ माणसाला बंदूक कशाला लागते?"

"देवाचे दागिने आहेत. चोरचिलटं आहेत."

"देवळाला दोन शिपाई आहेत."

"अगं, मानाचा प्रश्न आहे! घाटावर चौघांकडे परवाने आहेत. त्या चौघांनी काय दिवे लावलेत? एकानं तर गुराखी पोरगं अधू केलं, पण खटला झाला नाही, म्हणून तो सभ्य. आणि याला झाला, यानं भोगला, तर हा जन्माचा गुन्हेगार?"

हे बोलणं मात्र नीट होतं. यांचं हेच आहे. दहा वाक्यं पोकळ बोलतात आणि अकरावं असं येतं की आपण वातीचा पीळ विसरतो. मी त्या रात्रभर त्याचा विचार केला. खरंच, त्या चौघांपैकी कुणी गोळी झाडल्यावर शाल सारखी केली असती आणि कुणी धावत खाली आलं असतं, मला काय माहीत? पण याला ती सारखी करताना मी पाहिलं होतं. दंडानं त्याचं पाप गेलं असेल. तो हिशेब वरच्यांचा. ती शाल सारखी करणारा हात गेला होता का? क्षमा करायची ती बिंदुमाधवरावांना, आणि बंदूक द्यायची म्हणजे घाटाच्या पायरीवर जो कुणी उद्या नाव बांधेल त्याच्या वतीनं परस्पर उदारपणा दाखवायचा. आमचे विद्वान दुसऱ्याच्या जिवावर इतके उदार होतात की त्यांना स्वतःलाच गहिवरून येतं.

शरदिनीबाई आमंत्रणाबद्दल आभार मानायला आल्या. नऊवारी सळसळत होती. "अन्नपूर्णावहिनी, तुमच्यासारखी पुण्यवान बाई आमच्या पाठीशी आहे म्हटल्यावर काळजी मिटली हो. यांचा जीव त्या बंदुकीत. तुम्हांला सांगते, दिवाणखान्यात तिच्या दोन खुंट्या आहेत ना, बारा वर्षं त्यांवर दुसरं काही टांगू दिलं नाही. खंडेनवमीला शस्त्रं पूजतात, तर हे खुंट्यांची पूजा करतात! गंध, फूल, झेंडूचा हार. डोळ्यांत पाणी येतं यांच्या."

"बिसुनसाठी कधी आलं होतं का?" मी विचारलं.

"कोण बिसुन?" त्या म्हणाल्या. त्यांना खरोखरच आठवेना. कपाळाला आठी घालून त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. मग म्हणाल्या, "हां, तो! अहो, प्रारब्ध एकेकाचं." मी त्यांना कुंकू लावलं. दोन खुंट्या डोळ्यांसमोरून हलेनात. रिकाम्या खुंट्यांना हार घालणारा माणूस तुरुंगातून काय शिकून आला होता, ते मला त्या खुंट्यांनी सांगितलं. नऊ सह्यांच्या कागदानं नव्हतं सांगितलं.

पत्रावळी गंगा आणते. गंगा म्हणजे बिसुनची बायको. नाव विकल्यापासून पत्रावळी लावते, आणि तिचा टाका या गल्लीत सगळ्यांत बारीक. एकादशीला ती गठ्ठा घेऊन आली, पानं पाण्यानं शिंपडून ओल्या फडक्यात बांधलेली. मी विचार केला होता, तिला सांगू नये. पण घाटावर न सांगता राहतं काय?

"बहूजी, कल ऊ आवत हउअन?" तिनं विचारलं, ते उद्या येणार का म्हणून.

"हो."

"बंदूक माँगत हउअन फिर से?"

"हो."

ती पानं मोजत राहिली. तिनं रडावं, शिव्या द्याव्यात, मला बोल लावावा, म्हणून मी थांबले होते. मला ते हवं होतं, एखादं दान हवं असावं तसं. तिनं एवढंच विचारलं, "आप ओह दिन नहात रहलीं न?"

बारा वर्षं ती मला रोज बघत होती आणि बारा वर्षांत हा प्रश्न तिनं पहिल्यांदा विचारला. मी म्हणाले, "नहात होते." ती म्हणाली, "हम्म." मग तिनं दोन पत्रावळी वेगळ्या काढल्या, सगळ्यांत रुंद, सगळ्यांत सुबक, आणि म्हणाली, "ई मेहूण बदे." आमच्या घरात वावरून हा शब्द तिला आला होता. पाहुण्यांसाठी तिनं चांगल्यांतल्या चांगल्या काढल्या होत्या. तिचा तिरस्कार माझ्याहून किती चोख होता! त्यात माझ्यासाठीही एक पान लावलेलं होतं.

द्वादशीला मी पहाटे नहायला गेले. कडीला तीन नावा बांधलेल्या होत्या. मी वर पाहिलं.

डिप्टीसाहेब अकराला आले. लखनवी माणूस, मऊ बोलणारा, ओसरीवरच्या लोडाला टेकला आणि यांनी दिलेलं पान त्यानं दोन बोटांनी उचललं. दार उघडं ठेवलं होतं, त्याला पाट दिसावेत म्हणून. पाटाभोवती रांगोळी. बिंदुमाधवराव सोवळं नेसून आले, शाल खांद्यावर होतीच. "वहिनी, तुमच्या हातचं जेवायचं म्हणजे भाग्य लागतं," ते म्हणाले. मी त्यांचे पाय धुतले. पाय मऊ होते, गुलाबी. तुरुंगाचा एक व्रणही शिल्लक नव्हता. ते पाणी डोळ्यांना लावायचं होतं. मी हात पदराला पुसले. कुणी पाहिलं नाही. मऊ बोलणाऱ्या बाईच्या हातांकडे कुणी बघत नाही.

मग पान वाढायला घेतलं. आपल्याकडे पानात सगळ्यांत आधी मीठ वाढतात, वरच्या बाजूला, मधोमध. मी मिठाची वाटी घेतली. शरदिनीबाईंच्या पानावर वाढलं. बिंदुमाधवरावांच्या पानावर वाढलं. गंगेचा टाका त्या मिठाखालून बारीक दिसत होता. मग वरण, भात, भाज्या, लाडू. सगळं वाढून होईपर्यंत वाटी माझ्या डाव्या हातातच होती. हे पळीपंचपात्र घेऊन समोर बसले. आता संकल्प, मग मी उदक सोडायचं, मग त्यांनी आपोष्णीचा घोट घ्यायचा. एकदा तो घोट घेतला की पानावरून उठवता येत नाही. बिंदुमाधवरावांनी तळहातावर पाणी घेतलंसुद्धा. त्यांना घाई होती. डिप्टीसाहेब कौतुकानं मान वाकडी करून बघत होता.

मी वाटीतली चिमूट उचलली आणि तोंडात टाकली.

आधी कुणाला कळलंच नाही. यांचा मंत्र पुढे दोन शब्द गेला, मग थांबला. "अगं," हे म्हणाले.

"व्रत मोडलं," मी म्हणाले. "उद्यापन होत नाही. मेहूण उठू दे."

"चुकून गेलं," हे घाईनं म्हणाले, पाटाकडे, मग ओसरीकडे बघून. "चुकीला दोष नाही. शास्त्रात सोय आहे. चूळ भर, आणि—"

"चुकून नाही."

"बारा वर्षं!" यांचा आवाज फुटला. मला तेव्हा यांची दया आली, थोडीशी. खरंच वाटत होतं यांना त्या बारा वर्षांबद्दल. "अन्नपूर्णे, बारा वर्षं गेली गं!"

"बारा वर्षं गेलीच होती," मी म्हणाले.

बिंदुमाधवरावांच्या तळहातातलं पाणी बोटांमधून गळत होतं. ते प्यावं की टाकावं, त्यांना कळेना. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या घाटावरच्या दिवसानंतर पहिल्यांदाच मला वाटलं की त्यांनी मला पाहिलं. पाण्यात उभी असलेली, वर बघणारी. मग त्यांनी मोकळ्या हातानं शाल सारखी केली.

"क्या हुआ, पंडितजी?" ओसरीवरून डिप्टीसाहेबानं विचारलं.

"कुछ नहीं, साहेब. घर की औरतों का कुछ—"

मी दारात गेले. परक्या पुरुषासमोर मी कधी उभी राहिले नव्हते. पदर पुढे घेतला, जिभेवरचं मीठ गिळलं; ते कडू लागत होतं, आषाढीपासून अळणी राहिलेल्या जिभेला ते सोसवेना. मागच्या दारात गंगा उभी होती, उष्टी पानं न्यायला आलेली. मी म्हणाले, "उस दिन छत पर बंदर नहीं था. मैं नीचे पानी में थी. मैंने देखा."

डिप्टीसाहेब पुढे वाकला. कानाला हात लावला. "माफ कीजिएगा, बहूजी, सुनाई नहीं दिया. बहुत धीरे बोलती हैं आप."

हे माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. अजून सगळं सावरता आलं असतं. माझा आवाज सगळ्यांना ठाऊक होता; मी काय म्हणाले ते कुणीच ऐकलेलं नव्हतं, आणि मी एवढंच म्हणायचं होतं की काही नाही. "जाऊ दे," हे कानाशी म्हणाले, फार हळू, लग्न झाल्यापासून बोलले नव्हते इतक्या हळू. "बरं म्हण आणि आत ये."

वाटी अजून डाव्या हातात होती. मी आणखी एक चिमूट तोंडात टाकली आणि तेच पुन्हा सांगितलं, खाली कडीला बांधलेल्या नावांपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.